बाळाचे दात आणि हिरड्या: आई-बाबांना पडणारे नेहमीचे प्रश्न

बाळाच्या तोंडाबद्दलचे प्रश्न साधारण तेच तेच असतात आणि ते बरोब्बर मध्यरात्री पडतात, बाळ रडत असताना, जेव्हा विचारायला कोणी नसतं. म्हणून सगळे एकत्र लिहून काढलेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर रात्रीच्या दुधाचा प्रश्न तेवढा नक्की वाचा, कारण लहान मुलांचे दात सगळ्यात जास्त खराब होतात ते तिथेच आणि ते टाळणं बरंचसं आपल्या हातात असतं.

अजून एकही दात नाही, मग साफ काय करायचं?

हिरड्या. दूध पिऊन झालं की हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर दुधाचा थोडा थर राहतो तो पुसून घ्यायचा, दिवसातून एकदा पुरे, जमलं तर दोनदा. दातच नाहीत म्हटल्यावर कीड लागायचा प्रश्न नाही, त्यामुळे एखादा दिवस राहिलं तर जीवाला लावून घेऊ नका. पण ही सवय आत्ता लावायचं खरं कारण वेगळंय, बाळाला तोंडात आपलं बोट गेलेलं चालायला लागतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ आनंदाने तोंड उघडतं आणि बोट चोखत बसतं, तेच दहा महिन्यांचं बाळ ज्याच्या तोंडाला कधी कोणी हातच लावला नाही ते ओठ घट्ट मिटून घेतं आणि मग ब्रशच्या वेळी घरात रोजची लढाई सुरू होते.

पण पुसायचं नक्की कसं? मला भीती वाटते.

भिण्यासारखं काही नाही. हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. मऊ सुती फडकं किंवा गॉजचा तुकडा घ्या, उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवून चांगला पिळा, पाणी गळता कामा नये, आणि तो तर्जनीला गुंडाळा. बाळाला मांडीवर असं घ्या की त्याचं डोकं तुमच्या कोपराच्या खोबणीत राहील, मान किंचित वर. आता खालच्या ओठाला बोटाने हलकेच स्पर्श केला की तोंड आपोआप उघडतं. आधी खालची हिरडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग वरची, बाहेरून आणि आतून, मग गालाची आतली बाजू आणि शेवटी जिभेचा पुढचा भाग. घासायचं नाही, नुसतं पुसत न्यायचं. बोट फार मागे नेलं तर बाळाला उमासा येतो, आणि पोट तट्ट भरलेलं असेल तर सगळं दूध बाहेर, म्हणून पाजल्या पाजल्या लगेच नको, थोडा वेळ जाऊ द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फडकं रोज धुवून उन्हात वाळवायचं, ओलं पडून राहिलेलं फडकं परत तोंडात घालू नका.

पेस्ट, पावडर, मीठ, मध यातलं काहीही हिरड्यांना लावायची गरज नाही. मध तर एक वर्षाच्या आत अजिबातच नाही, बोटाला लावून चाटवायलासुद्धा नाही, त्यातून बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो.

जिभेवर पांढरं दिसतंय, दूध आहे की काही इन्फेक्शन?

ओल्या फडक्याने पुसून बघा. दूध असेल तर निघून जातं. पुसूनही निघत नसेल, गालाच्या आत आणि हिरड्यांवरही दह्यासारखे पांढरे चट्टे असतील, आणि खरवडल्यावर खाली लालभडक दिसत असेल तर ती बहुतेक बुरशी असते, ज्याला थ्रश म्हणतात. त्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध लागतं, आणि अंगावर पाजत असाल तर बऱ्याचदा आईलाही सोबत औषध घ्यावं लागतं, नाहीतर ते एकमेकांकडून परत परत होत राहतं. बाटलीचं बूच, चोखणी वगैरे उकळून घ्या. घरी घासून काढायचा प्रयत्न करू नका, रक्त येतं आणि बाळाला दुखतं.

महिन्याच्या बाळाच्या हिरडीवर पांढरा दाणा दिसतोय, दात आहे का?

बहुतेक नसतो. नवजात बाळांच्या हिरडीवर किंवा टाळूच्या मधोमध मोत्यासारखे बारीक पांढरे दाणे अगदी कॉमन असतात, ते काही आठवड्यांत आपले आपण जातात. दाबू नका, फोडू नका.

पण काही थोडी बाळं खरोखरच दात घेऊन जन्माला येतात, किंवा पहिल्या महिनाभरात दात येतो. त्यात शुभ-अशुभ असं काहीही नाही. हे दात जास्त करून खालचे पुढचे असतात आणि बहुतेक वेळा ते जादाचे दात नसून दुधाचेच दात लवकर आलेले असतात. डॉक्टरांना दाखवायचं ते दोन गोष्टींसाठी: दात फार हलत असेल तर तो सुटून श्वासनलिकेत जायचा धोका असतो, आणि दूध ओढताना जिभेखाली घासून जखम होत असेल तर त्यावर उपाय करावा लागतो. घट्ट असेल आणि त्रास देत नसेल तर तसाच राहू देतात.

पहिला दात कधी येतो? शेजारच्या बाळाला आले, आमच्या बाळाला नाही.

साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, पण चौथ्या महिन्यात आला तरी नॉर्मल आणि वर्षाचा वाढदिवस बोळक्या तोंडाने झाला तरी बहुतेक वेळा नॉर्मलच. घरात आई किंवा बाबांचे दात उशिरा आले असतील तर बाळाचेही तसेच यायची शक्यता असते, आजीला विचारून बघा. दात लवकर आले म्हणून बाळ हुशार असं काही नसतं आणि उशिरा आले म्हणून कॅल्शियम कमी पडलं असंही लगेच धरून चालू नका, मनाने कॅल्शियमची औषधं तर मुळीच सुरू करू नका. वर्ष उलटून गेलं आणि एकही दात नाही तर डेंटिस्टला एकदा दाखवा, दीड वर्षापर्यंत नाही आला तर मात्र दाखवायलाच हवं.

कुठला दात आधी?

खालचे मधले दोन, ६ ते १० महिन्यांत. मग वरचे मधले दोन, ८ ते १२. त्यांच्या बाजूचे त्यानंतर, मग १३ ते १९ महिन्यांच्या दरम्यान पहिल्या दाढा, मग सुळे, आणि सगळ्यात शेवटी मागच्या दाढा ज्या दोन ते पावणेतीन वर्षांपर्यंत येत राहतात. एकूण २०, वर १० खाली १०. क्रम थोडा पुढेमागे झाला तर काही बिघडत नाही. सगळ्यात जास्त रडवतात त्या दाढा, कारण त्या रुंद असतात, तेव्हा दीड वर्षाचं मूल अचानक चिडचिडं झालं, खायला नको म्हणायला लागलं, गालावर हात मारायला लागलं तर मागच्या हिरडीवर हळूच बोट फिरवून बघा.

दात येताना ताप, जुलाब, सर्दी होतेच ना?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण "दात येतायत" या दोन शब्दांमागे बाळाचं खरं आजारपण लपून राहतं. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात म्हणून बाळ मिळेल ते चावतं, झोप मोडते, किरकिर वाढते, लाळेमुळे हनुवटीवर पुरळ येतं, अंग किंचित कोमट लागू शकतं. एवढंच. ३८ डिग्री सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप दातामुळे येत नाही, पाण्यासारखे जुलाब दातामुळे होत नाहीत, उलट्याही नाहीत.

मग दोन्ही एकाच वेळी का होतं? कारण साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरायला लागते, आणि त्याच वेळी बाळ रांगायला, दिसेल ती वस्तू उचलून तोंडात घालायला लागतं, म्हणजे जंतू पोटात जायची पूर्ण सोय झालेली असते. दातही त्याच काळात येतात, म्हणून दोष दाताला. तेव्हा ताप असेल तर थर्मामीटर लावा आणि तापासारखाच त्याचा विचार करा, जुलाब असतील तर अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, दूध ओढत नाही असं वाटलं तर थेट डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ डिग्री ताप आला तर वाट बघत बसायचंच नाही, लगेच जायचं, मग कोणी काहीही म्हणो.

हिरड्या शिवशिवतात तेव्हा काय केलं की बरं वाटतं?

साधे उपायच सगळ्यात चांगले. धुतलेल्या बोटाने हिरडीवर मिनिटभर हलका दाब देऊन चोळा, बाळ बऱ्याचदा बोट सोडतच नाही. स्वच्छ ओलं फडकं फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवून चावायला द्या, त्या वेळी तुम्ही समोर हवं. टीथर (बाळाने चावायचं खेळणं) घ्यायचा तर घट्ट रबराचा, अखंड, सुटे भाग नसलेला. आत पाणी किंवा जेल भरलेले टीथर टाळा, दात आले की चावून ते फुटतात. फ्रीजमध्ये गार करा पण फ्रीजरमध्ये ठेवून दगडासारखा करू नका, त्याने हिरडीला इजा होते.

लाळ वारंवार टिपून घ्या (पुसताना घासू नका, हनुवटीची कातडी सोलवटते) आणि झोपण्याआधी हनुवटीला साधं पेट्रोलियम जेलीचं बोट लावा.

फारच दुखतंय, बाळ झोपतच नाहीये असं असेल तर बाळाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारून द्या, अंदाजाने नको आणि दिवसेंदिवस तर नकोच. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना द्यायची नसते, हिरडीवर घासायलाही नाही.

टीथिंग जेल (हिरडीवर लावायचं), गोळ्या, अंबरच्या म्हणजे राळेच्या मण्यांच्या माळा, दात येताना हे वापरू का?

नको. तिन्ही नको, आणि कारणं ठोस आहेत. सुन्न करणाऱ्या जेलमध्ये बेन्झोकेन असेल तर त्याने क्वचित पण जीवघेणा त्रास होऊ शकतो, रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते आणि बाळ निळं पडतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी प्रॉडक्ट्स विकणं थांबवा असं कंपन्यांना सांगितलं. लिडोकेन या सुन्न करणाऱ्या दुसऱ्या औषधाबद्दल त्यांनी २०१४ मध्येच कडक इशारा दिला होता, ते जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होऊ शकतो. आणि तसंही लाळेमुळे जेल दोन-चार मिनिटांत वाहून जातं, फायदा काहीच उरत नाही. बेलाडोना असलेल्या होमिओपॅथिक टीथिंग टॅबलेटमध्ये २०१७ मध्ये त्या विषारी घटकाचं प्रमाण कमीजास्त सापडलं होतं, काही ठिकाणी लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त.

माळांचं सांगायचं तर गळ्यात काहीही अडकवून बाळाला झोपवणं हाच मुळात धोका आहे, गळा आवळला जातो, मणी तुटून घशात अडकतो. २०१८ मध्ये एफडीएने त्यावरही इशारा दिला आणि त्यात एका दीड वर्षाच्या मुलाचा झोपेत माळेने गळा आवळून झालेला मृत्यू नमूद होता. हे वाचल्यावर अजून काही लिहावंसं वाटत नाही.

हिरडीवर निळसर फुगा आलाय.

दात वर येताना त्याच्या भोवती थोडं पाणी किंवा रक्त साठतं म्हणून तसं दिसतं. घाबरवणारं दिसतं खरं, पण दात वर आला की फुगा आपोआप फुटतो. सुई वगैरे लावू नका. फार मोठा झाला, दुखायला लागला किंवा पू दिसला तरच डेंटिस्ट.

दुधाचे दात पडणारच आहेत, मग एवढी काळजी कशाला?

कारण ते उद्या पडत नाहीत. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. दीड वर्षाच्या मुलाची दाढ किडली तर तिला पुढे आठ-दहा वर्षं काम करायचंय. मूल त्याच दातांनी चावतं, त्यांच्या आधाराने बोलायला शिकतं, आणि खालून येणाऱ्या कायमच्या दातांची जागाही तेच राखून ठेवतात. दाढ लवकर काढावी लागली की बाजूचे दात त्या जागेत सरकतात आणि नंतरचे वाकडे येतात. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताच्या वरच्या थरावर डाग पडू शकतो. आणि हे सगळं सोडा, दात दुखतो तेव्हा लहान मुलाला तो सांगता येत नाही, ते खाणं कमी करतं, एकाच बाजूने चावतं, रात्री उठून रडतं, आणि घरच्यांना वाटतं की मूल हट्टी झालंय.

दुधाच्या दातांचं इनॅमल (दाताचा वरचा कडक थर) मोठ्यांच्या दातांपेक्षा बरंच पातळ असतं, त्यामुळे कीड आत उतरायला वेळ लागत नाही, साधा डाग काही महिन्यांत दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचतो.

ब्रश कधीपासून? पेस्ट कुठली आणि किती?

पहिला दात हिरडीतून दिसला त्या दिवसापासून, दिवसातून दोनदा. ब्रश लहान डोक्याचा, एकदम मऊ. पेस्ट फ्लोराइडची, साधारण १००० पीपीएमची, आणि तीन वर्षांपर्यंत फक्त तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे ब्रशवर नुसती पुसल्यासारखी. तीन ते सहा वर्षं मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर लांबलचक पट्टा दाखवतात तो विसरून जा.

ब्रश दाताच्या मधोमध घासण्यापेक्षा दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर तिरका धरा, छोटे छोटे गोल फिरवा. चिकट थर तिथेच बसतो. दोन दात एकमेकांना चिकटून आले असतील तर त्यांच्यामध्ये ब्रश पोहोचत नाही, तिथे फ्लॉस (फटीतून फिरवायचा बारीक दोरा) लागतो.

बाळ पेस्ट गिळतं, फ्लोराइडने अपाय नाही होणार?

तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट गिळली तर काही होत नाही, हे प्रमाण गिळलं जाणार असं धरूनच ठरवलेलं आहे. अपाय होतो तो रोज जास्त पेस्ट पोटात गेली तर, मग पुढे येणाऱ्या कायमच्या दातांवर पांढरे ठिपके, रेघा दिसू शकतात. म्हणून ट्यूब मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका आणि पेस्ट तुम्हीच लावून द्या. ज्या भागात पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तिथे राहत असाल तर डेंटिस्टना तसं सांगून पेस्टचं विचारा. बाकीच्यांनी फ्लोराइडला घाबरून साधी पेस्ट वापरण्यात मुलाचं नुकसानच आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कीड रोखायचं काम फ्लोराइड करतं, फेस नाही.

घासून झाल्यावर चूळ भरायला लावायची गरज नाही, जास्तीची पेस्ट फडक्याने टिपली की झालं.

ब्रश तोंडात घेतच नाही, आरडाओरडा करतं.

हे सगळ्यांकडे होतं, दहा महिने ते दोन वर्षं हा काळ विशेष कठीण. उभ्या बाळाच्या समोरून ब्रश आणला की ते मान फिरवतं. त्यापेक्षा दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा, बाळाचे पाय एकाच्या कमरेभोवती आणि डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. ज्याच्या मांडीवर डोकं आहे त्याला वरून सगळे दात स्वच्छ दिसतात, दुसऱ्याने हात हलकेच धरायचे. एकटे असाल तर बाळाला आडवं झोपवून त्याच्या डोक्याच्या बाजूला बसा. वरचे दात घासताना एका बोटाने वरचा ओठ उचला आणि ओठाच्या मधोमध आतून हिरडीला जोडणारी जी छोटी पट्टी असते तिच्यावर बोट ठेवून झाका, कारण बऱ्याच वेळा ब्रश त्या पट्टीला लागतो आणि ते खरंच दुखतं. बऱ्याच बाळांचं रडणं एवढ्यानेच कमी होईल.

बाकी, एक ब्रश त्याच्या हातात चावायला द्या आणि दुसऱ्याने तुम्ही घासा. तुमचे दात त्याला घासू द्या. रोज तीच वेळ, तेच छोटं गाणं. तरी रडलं तर रडत असताना तोंड उघडंच असतं, पटकन अर्धा मिनिट घासून घ्या आणि मग कुशीत घ्या. डायपर बदलताना रडतं म्हणून आपण डायपर बदलायचं सोडत नाही, हेही तसंच.

मुलाने स्वतः ब्रश करायचा हट्ट धरला तर करू द्या, पण त्यानंतर एक हात तुमचा, सात-आठ वर्षांपर्यंत. तोवर त्यांच्या हातात तेवढी सफाई आलेली नसते.

बाटली तोंडात असल्याशिवाय झोपतच नाही, चालेल ना?

नाही चालणार, आणि का ते नीट समजून घ्या म्हणजे बदलायची ताकद येईल. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात, ते आम्ल दातातली खनिजं विरघळवतं. दिवसा लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि खनिजं परत भरते. झोपेत लाळ फार कमी होते, गिळणंही कमी होतं. म्हणजे बाटलीतलं दूध, ज्यात स्वतःची साखर असतेच आणि वरून आपण घातलेली असेल तर विचारूच नका, वरच्या पुढच्या दातांभोवती तळ्यासारखं साचून राहतं, तासन्‌तास, रोज रात्री. खालचे पुढचे दात वाचतात कारण त्यांच्यावर जीभ असते. म्हणूनच अशा मुलांचे वरचे चार दात काळे-पिवळे होऊन झिजलेले आणि खालचे एकदम छान, असं दिसतं.

उपाय असा की दूध झोपण्याच्या आधी, जागेपणी, मांडीवर. मग ब्रश. मग गोष्ट, गाणं, थोपटणं, जे काय तुमचं असेल ते. ब्रशनंतर सकाळपर्यंत फक्त साधं पाणी. आधीच सवय लागली असेल तर एका रात्रीत तोडायला जाऊ नका, वर्षाच्या पुढचं मूल असेल तर बाटलीतल्या दुधात दर दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी वाढवत जा, शेवटी नुसतं पाणीच उरतं आणि बऱ्याच मुलांचा बाटलीतला रस आपोआप संपतो. (हे वर्षाच्या आतल्या बाळाला करायचं नाही, त्यांचं दूध पातळ करणं धोक्याचं आहे.) कपने प्यायला सहाव्या महिन्यापासून शिकवा आणि वर्ष ते दीड वर्षात बाटली पूर्ण बंद करा. चार-पाच रात्री घर डोक्यावर घेईल, पण तेवढ्याच. घरातल्या सगळ्यांनी एकाच सुरात राहायला हवं, एकाने बंद केली आणि दुसऱ्याने दया येऊन दिली की परत पहिल्यापासून सुरुवात.

आणि अंगावरचं दूध? रात्री उठून पाजते, ते पण बंद करू?

वर्षाच्या आत निश्चिंतपणे पाजा, स्तनपानाने दात किडतात म्हणून ते थांबवायचं काही कारण नाही. जागतिक आरोग्य संघटना तर दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजा म्हणते. वर्षानंतर मात्र दात बरेच आलेले असतात, मूल इतर खायलाही लागलेलं असतं, आणि रात्रभर तोंडात ठेवून दर थोड्या वेळाने पिणं चालू असेल तर कीड लागायचा धोका वाढतो. अशा वेळी झोपण्याआधीचा ब्रश अजिबात चुकवू नका, दातांवर अन्नाचा कण राहू देऊ नका, झोप लागली की अलगद सोडवून घ्या, आणि जमेल तसं रात्रीचं पिणं कमी करत आणा. दमलेल्या आईला अपराधी वाटायला लावणारे सल्ले भरपूर मिळतात, तसं काही मनात आणू नका. पाजणं आणि चांगले दात दोन्ही जमतं.

कीड लागायला लागलीय हे आपल्याला कसं कळणार? काळं दिसतं का?

काळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात वरचा ओठ पूर्ण उचला, दात फडक्याने कोरडे करा आणि हिरडीच्या अगदी लगतची रेषा बघा. तिथे खडूसारखी पांढरी, चमक नसलेली पट्टी दिसली तर ती किडीची पहिली पायरी. दात ओला असताना ती दिसत नाही, म्हणून कोरडा करायला सांगितलं. या टप्प्यावर फ्लोराइड आणि रात्रीची सवय बदलून ती थांबू शकते, खड्डा पडत नाही. पिवळा-तपकिरी झाला, कड तुटायला लागली की मग ट्रीटमेंट लागते. मागच्या दाढांच्या खाचाही बघा.

किडीचे जंतू आमच्याकडून बाळाला जातात हे खरं का?

हो, लाळेतून जातात, जास्त करून जो सतत जवळ असतो त्याच्याकडून. म्हणून पडलेली चोखणी स्वतः चाटून बाळाच्या तोंडात देणं, घास चावून देणं, एकच चमचा वापरणं टाळलेलं बरं. पापे घेणं बंद करा असं कोणी म्हणत नाहीये. आई-बाबांच्या दातांत कीड असेल तर ती भरून घ्या, बाळासाठी केलेली ही फार मोठी गोष्ट आहे. गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेव्हाच डेंटिस्टकडे जा, गरोदरपणात दातांची ट्रीटमेंट करता येते.

ज्यूस, बिस्किटं, गोड औषधं?

एक वर्षापर्यंत ज्यूस नाहीच, त्यानंतर तीन वर्षांपर्यंत दिलाच तर दिवसाला १२० मिली.च्या वर नको, तोही जेवणासोबत आणि कपने. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त बाधतं, दर अर्ध्या तासाने एक बिस्कीट म्हणजे दातांना दिवसभर सुट्टीच नाही. गोड सिरप रात्री द्यायचं असेल तर ब्रशच्या आधी द्या.

आयर्नचे थेंब सुरू केल्यापासून दात काळे पडलेत!

तो बाहेरचा डाग आहे, कीड नाही, डेंटिस्ट साफ करून देतात. आयर्न अजिबात बंद करू नका, बाळाला त्याची गरज आहे. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा, दात पुसून घ्या.

दातांमध्ये फटी आहेत. रात्री दात खातं. अंगठा चोखतं.

फटी असणं उलट चांगलं, मोठे दात रुंद असतात, त्यांना जागा लागते. दात खाणं या वयात खूप मुलं करतात आणि बहुतेकांचं वाढत्या वयात थांबतं, पोटातल्या जंतांशी त्याचा संबंध जोडून मनाने औषध देऊ नका. अंगठा किंवा चोखणी तीन वर्षांच्या सुमारास सुटायला हवी, त्यापुढे चालू राहिली तर वरचे दात पुढे येतात आणि समोरचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत. रागावून, कडू लावून सुटत नाही, झोपताना हातात दुसरं काहीतरी मऊ द्या.

पडलं, दाताला लागलं, रक्त येतंय.

स्वच्छ ओलं फडकं दाबून धरा, ओठाची आतली पट्टी फाटली तर रक्त भरपूर दिसतं पण दाबल्यावर थांबतं आणि बहुतेक वेळा टाकेही लागत नाहीत. दहा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, दात आत घुसला, खूप हलायला लागला किंवा चावताना आड यायला लागला तर त्याच दिवशी डेंटिस्ट. डोक्याला मार असेल, उलटी झाली, मूल गुंगीत वाटलं तर आधी हॉस्पिटल, दात नंतर.

दुधाचा दात पूर्ण निघून आला तर तो परत हिरडीत बसवू नका. मोठ्या माणसाचा कायमचा दात परत बसवतात, पण दुधाचा बसवताना खालच्या कायमच्या दाताला इजा होते. दात सापडत नसेल तर डॉक्टरांना सांगा, गिळला असेल तर ठीक, पण श्वासात गेला नाही ना हे बघावं लागतं. मार लागल्यावर काही आठवड्यांनी दात राखाडी दिसायला लागला तरी दाखवून घ्या, दरवेळी काढावाच लागतो असं नाही.

डेंटिस्टकडे पहिल्यांदा कधी न्यायचं? एवढंसं बाळ बघून काय करणार ते?

पहिला दात आल्यावर सहा महिन्यांच्या आत, आणि पहिल्या वाढदिवसाच्या आधी. शक्य असेल तर लहान मुलांच्या डेंटिस्टकडे, म्हणजे पीडोडॉन्टिस्टकडे. पहिल्या वेळी बाळ तुमच्याच मांडीवर असतं, पाच मिनिटांत दात-हिरड्या बघतात, तुम्हाला ब्रश करून दाखवायला लावतात, आणि गरज वाटली तर फ्लोराइड वार्निश लावतात, ते ब्रशने रंगवल्यासारखं लावायचं, इंजेक्शन नाही, दुखत नाही, दर तीन ते सहा महिन्यांनी. जिथे लहान कीड आहे आणि मूल ड्रिलसाठी फार छोटं आहे तिथे हल्ली सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून कीड थांबवता येते. त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो हे आधी माहीत असू द्या, पण दोन वर्षांच्या मुलाला भूल द्यायची वेळ टळत असेल तर मला तरी काळा डाग परवडला.

दुखायला लागल्यावरच पहिल्यांदा नेलं तर मुलाच्या डोक्यात डेंटिस्ट आणि दुखणं एकत्र बसतं. आणि "नीट ब्रश केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" असं घरात कोणालाही म्हणू देऊ नका.

लगेच दाखवायलाच हवं असं कधी?

गालाला किंवा हिरडीला सूज आणि सोबत ताप, हिरडीवर पुळी येऊन पू येत असेल, मूल काहीच पीत नसेल, तोंड उघडत नसेल. डोळ्यापर्यंत किंवा मानेकडे सूज चढत असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी इमर्जन्सीत न्या, घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊन सकाळची वाट बघू नका.

ब्रश कधी बदलायचा?

तीन-चार महिन्यांनी, केस फाकले असतील तर आधीच. चावऱ्या बाळांचा महिन्यातच फाकतो. प्रत्येक मुलाचा ब्रश वेगळा, आणि उभा ठेवून वाळू द्यायचा, टोपण लावून नाही.